बोटांच्या ठशांचं जुनं रेकॉर्ड नाफिसमध्ये न्यायचंय? मग मशीन यायच्या आधी हे करून ठेवा

नवीन सिस्टीम येणार म्हटलं की सगळ्यांच्या नजरा टेंडर, सर्व्हर आणि स्कॅनरच्या कंपनीकडे लागतात, मीटिंगवर मीटिंग होतात आणि कपाटात दोऱ्याने बांधून ठेवलेल्या ठशांच्या स्लिपांचं काय करायचं हे शेवटच्या महिन्यात कुणाला तरी आठवतं. उलटं करा. ज्यांना जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या पातळीवर हे काम अंगावर आलंय त्यांच्यासाठी लिहितोय. मशीन मॅचिंग चांगलंच करतं हो, पण आपण आत घातलेल्या चुका मशीन दुरुस्त करत नाही, फक्त देशभर पसरवतं.

आधी थोडक्यात, नाफिस म्हणजे एनसीआरबीचा (केंद्राच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) देशभराचा एकच ठशांचा डेटाबेस, ऑगस्ट 2022 मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मध्य प्रदेशने त्यावरून एका मृताची ओळख पटवली होती, असं करणारं ते पहिलं राज्य. अटक झालेल्या प्रत्येकाला दहा आकडी एनएफएन म्हणजे राष्ट्रीय ठसा क्रमांक मिळतो, पहिले दोन आकडे राज्याचे, आणि तो माणूस पुढे कुठल्याही राज्यात कुठल्याही गुन्ह्यात सापडला तरी नंबर तोच राहतो. याआधी 1992 पासून एनसीआरबीची फॅक्ट्स नावाची सिस्टीम होती, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात पोलिसांची अॅम्बिस सिस्टीम आहे ज्यात बोटांसोबत तळवा, चेहरा आणि डोळ्याचं बुबुळपण घेतात. म्हणजे कोऱ्या पाटीवर कुणीच सुरुवात करत नाहीये, सगळीकडे जुन्यावर नवीन चढवायचंय आणि घोळ तिथेच होतो.

पहिलं काम कपाटाचं. स्लिपांचा क्रम मोडू नका, हे आधी सगळ्यांना बजावून सांगा. स्कॅनिंगला बाहेरची पोरं येतात, त्यांना वाटतं गठ्ठा सोडला, स्कॅन केला, कसाही परत बांधला तरी चालतं. जुन्या स्लिपा नावाने किंवा तारखेने नाही, हेन्री पद्धतीच्या फॉर्म्युल्याने लावलेल्या असतात. 1897 मध्ये कलकत्त्यात जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र सुरू झालं तेव्हापासूनची ही पद्धत, नाव एडवर्ड हेन्रीचं लागलं पण त्यामागचं गणित आणि डोकं बऱ्यापैकी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन सब-इन्स्पेक्टरांचं होतं.

हा फॉर्म्युला तुम्हाला फुकटात तपासणी करून देतो, त्यामुळे जरा समजून घ्या. उजव्या अंगठ्याला 1 आणि डाव्या करंगळीला 10 असे बोटांना नंबर, त्यांच्या 1-2, 3-4 अशा पाच जोड्या. पहिल्या जोडीतल्या बोटात व्होर्ल, म्हणजे आपण चक्र म्हणतो ते, असेल तर 16, दुसरीत 8, मग 4, 2, 1. सम नंबरच्या बोटांची बेरीज अधिक एक वर लिहायची, विषम बोटांची बेरीज अधिक एक खाली. एकाही बोटात चक्र नसेल तर 1/1, दहाही बोटांत असेल तर 32/32, असे एकूण 1024 गट होतात. आता समजा जुन्या स्लिपवर तज्ज्ञाने हाताने 1/17 लिहिलंय. म्हणजे चक्र फक्त उजव्या अंगठ्यात. आणि स्क्रीनवर चक्र दिसतंय डाव्या अंगठ्यात! तर समजून जा की हात अदलाबदल झालेत, एकतर ठसे घेताना नाहीतर स्कॅन कापताना. सॉफ्टवेअरला पॅटर्न आपोआप ओळखता येतो, त्यामुळे जुना फॉर्म्युला एका रकान्यात टाईप करून घ्या आणि जिथे जुळत नाही तेवढ्याच स्लिपा माणसाकडे पाठवा. एखाद्या ठिकाणी आर्च (कमानीसारख्या रेघा) की लूप (फासासारख्या रेघा), लूप की व्होर्ल असा वाद निघेलच, तो चालतो, तज्ज्ञांमध्येही निघतो. पण अशा तपासणीत अदलाबदल झालेल्या स्लिपा सापडतात ज्या एरवी वर्षानुवर्षं सापडणार नाहीत, आणि सॉफ्टवेअर बोटाच्या नंबरावर विसंबून शोधत असेल तर तो माणूस डेटाबेसमध्ये असून नसल्यासारखा.

स्कॅनिंग 500 पीपीआय (इंचाला 500 पिक्सेल), ग्रेस्केल. मोबाईलचे फोटो, झेरॉक्सवरून केलेलं स्कॅन, व्हॉट्सअॅपवरून आलेली इमेज असलं काहीही घेऊ नका, "सध्या हे टाकू नंतर बदलू" म्हणतात ते नंतर कधी येत नाही. दहा बोटांच्या स्लिपांना डब्ल्यूएसक्यू कॉम्प्रेशन (फाईल दाबून लहान करणं) चालतं, ते ठशांसाठीच बनवलेलं आहे, पण चान्स प्रिंट, म्हणजे घटनास्थळावर सापडलेले ठसे, मात्र अजिबात दाबू नका, त्यात आधीच चार रेघा धड असतात. प्रत्येक इमेजला क्वालिटी स्कोअर काढा आणि तो रेकॉर्डसोबत सेव्ह करा, म्हणजे उद्या तोच आरोपी पुन्हा आला की खराब बोटांचे ठसे नव्याने घ्यायचे हे आधीच कळतं. आणि कागद फेकू नका हो. स्कॅन झालं म्हणजे रद्दी झाली असं नाही, कोर्टात मूळ स्लिप मागतात.

आता पोलीस ठाणं. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या कारण जुनं रेकॉर्ड एकदा संपेल पण ठसे रोज येणार आहेत.

शाईने घेत असाल तर काचेवर शाईचा इतका पातळ थर हवा की खालचं जरा दिसलं पाहिजे, जाड थर झाला की रेघांमधली जागा भरून काळा डाग उरतो. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवायचं, मागे-पुढे नाही. अंगठे शरीराकडे फिरवायचे, बाकी बोटं शरीरापासून बाहेर, कारण तसा हात सैल पडत जातो आणि ठसा ओढला जात नाही. आरोपीला सांगायचं की तू काही करू नको, हात ढिला सोड, मी फिरवतो. तो मदत करायला गेला की दाब देतो आणि रेघा फुटतात. खाली चार बोटांचे एकत्र सपाट ठसे असतात ते कंटाळा म्हणून कसेतरी उमटवतात, पण वरचा क्रम बरोबर आहे का हे त्यांच्यावरूनच कळतं, त्यामुळे तेही नीट घ्या.

लाईव्ह स्कॅनर आला म्हणून हे सगळं सुटत नाही. काचेवर आधीच्या माणसाच्या बोटाचा तेलकट ठसा राहतो आणि तो नव्या ठशात भुतासारखा मिसळतो, म्हणून दर माणसामागे मऊ कापडाने काच पुसा, वर्दीच्या बाहीने नाही. ऊसतोड, गवंडीकाम, भांडी घासणं असली कामं करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात, हात फार कोरडे असतात, तिथे ओल्या फडक्याने बोटं जरा नरम करून मग घ्या. मुंबईत आणि कोकणात उलटा त्रास, घामाने रेघा चिकटतात, तिथे आधी हात कोरडे करायचे. बोट नसेल तर "कापलेलं" आणि पट्टी असेल तर "पट्टी" असं वेगवेगळं नोंदवा. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींना वेगळा कोड असतो आणि घाईत सरसकट "नाही" टाकलं की दोन महिन्यांनी पट्टी निघालेला तोच माणूस सिस्टीमला नवा वाटू शकतो.

आणि ट्रेनिंग एका माणसाला देऊन चालत नाही. ज्याला शिकवलं तो गणपतीच्या बंदोबस्ताला गेला की स्कॅनरवर कव्हर पडतं ते दिवाळीपर्यंत. दर ठाण्यात किमान तिघं तरी हवेत, त्यातली एक महिला कर्मचारी.

नावाचा भाग वेगळाच. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग कुणी डीपासून करतं कुणी जीपासून, लक्ष्मण तर विचारूच नका, त्यात "उर्फ बाळ्या", वय "अंदाजे", पत्ता "मु. पो. तेच". एकाच माणसाची सीसीटीएनएसमध्ये (पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या गुन्हे नोंदीच्या सिस्टीममध्ये) चार-पाच रेकॉर्ड असतात आणि कधी कधी दोन वेगळे संतोष एकात मिसळलेले असतात, जे जास्त धोक्याचं आहे. म्हणून जोडणी नावावरून करू नका. आधी सगळे दहा बोटांचे सेट एकमेकांवर चालवा, जे जुळतील त्यांना एक एनएफएन, आणि मग त्या नंबराखाली सगळे गुन्हा रजिस्टर नंबर, सगळी नावं, सगळे उर्फ ठेवा. कुठलंही नाव पुसू नका, खोटं नावसुद्धा माहितीच आहे, मागच्या वेळी तो कोण म्हणून राहत होता हे तपास अधिकाऱ्याला लागतं.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून चालू करा, उलटा शोध. सगळे लोक चान्स प्रिंट आला की डेटाबेसमध्ये शोधतात, नाही जुळला की फाईल बंद. पण न उलगडलेल्या घरफोड्यांचे चान्स प्रिंट वेगळ्या फाईलमध्ये जिवंत ठेवले आणि रोज नव्याने अटक झालेल्यांचे ठसे रात्री त्यांच्यावर चालवले तर तीन वर्षांपूर्वीची घरफोडी आज मोटारसायकल चोरीत पकडलेल्याच्या नावावर निघू शकते. एलसीबीवाल्यांना (स्थानिक गुन्हे शाखेला) हे एकदा दिसलं की मग तेच तुमच्या मागे लागतात की स्लिपा लवकर टाका म्हणून, परिपत्रक काढायची गरज राहत नाही.

पण मशीनने दिलेली यादी म्हणजे निकाल नाही. ते सारखेपणाच्या स्कोअरनुसार संशयित लावून देतं, निर्णय तज्ज्ञाचा, आणि पहिल्या तज्ज्ञाचं मत न सांगता दुसऱ्याने स्वतंत्र बघायला हवं. 2004 मध्ये माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर एफबीआयने एका अमेरिकन वकिलाचा ठसा जुळला म्हणून त्याला आत टाकलं आणि नंतर स्पेनच्या पोलिसांनी दाखवून दिलं की ठसा दुसऱ्याचाच. तिथेही पडताळणी झाली होतीच, पण पडताळणाऱ्यांना आधीचं उत्तर माहीत होतं. डेटाबेस जेवढा मोठा तेवढे दिसायला जवळचे ठसे जास्त, त्यामुळे देशपातळीवर गेल्यावर ही काळजी वाढते, कमी होत नाही.

कायद्याचं थोडं. ठसे घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नाही हे सुप्रीम कोर्टाने 1961 मध्येच मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या निकालात सांगितलंय. 1920 चा जुना कायदा जाऊन 2022 चा फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा 4 ऑगस्ट 2022 पासून लागू आहे, त्यात तळवा, बुबुळ, सही, हस्ताक्षर, जैविक नमुने असं बरंच आलं आणि रेकॉर्ड 75 वर्षं ठेवायची मुभा आली. त्याच कायद्यात दुसरी बाजूपण आहे जी डिझाईन करताना लोक गाळतात. आधी शिक्षा झालेली नाही असा माणूस खटल्याशिवाय सुटला, दोषमुक्त झाला, किंवा अपिलांचे सगळे मार्ग संपून निर्दोष ठरला तर त्याचं रेकॉर्ड नष्ट करायचं, कोर्टाने लेखी कारण देऊन ठेवायला सांगितलं तरच ठेवायचं.

आता मला सांगा, निर्दोष सुटल्याचं ठाण्याला कळतं कधी? एफआयआर त्याच दिवशी चढतो, अटक चढते, दोषारोपपत्र चढतं आणि निकालाचा रकाना मोकळा. मग तोच माणूस पासपोर्टला किंवा नोकरीच्या पडताळणीला जातो तेव्हा स्क्रीनवर "प्रलंबित" दिसतं, आणि केस संपून पाच वर्षं झालेली असतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक गुन्ह्याला कोर्टाचा 16 अक्षरी सीएनआर नंबर (खटल्याचा ओळख क्रमांक) सुरुवातीलाच जोडा, निकाल ई-कोर्ट्सकडून आयसीजेएसमधून (पोलीस, कोर्ट, तुरुंग यांना जोडणाऱ्या सिस्टीममधून) आपोआप यावा, आणि जिथे येत नाही तिथे पैरवी अधिकाऱ्याने (कोर्टात खटल्याचा पाठपुरावा करणाऱ्या पोलिसाने) आणलेली निकालाची प्रत त्याच आठवड्यात चढवायची जबाबदारी एका ठराविक माणसावर टाका.

पुसण्याची व्यवस्थाही तितकीच जपून करा. ब्रिटनमध्ये 2020 च्या शेवटी-2021 च्या सुरुवातीला पोलीस नॅशनल कॉम्प्युटरमधली लाखाच्या घरातली रेकॉर्ड एका चुकीच्या कोडमुळे उडाली, आणि तो कोड नेमका नियमाप्रमाणे रेकॉर्ड साफ करण्यासाठीच लिहिलेला होता! त्यामुळे आधी यादी काढायची, ती माणसाने बघायची, त्या माणसावर दुसरा गुन्हा नाही ना हे तपासायचं, मग काही दिवस बाजूला ठेवून शेवटी नष्ट, आणि कुणी कुणाच्या आदेशाने केलं त्याची नोंद.

व्हेंडरशी करार करताना दोन वाक्यं स्वतः वाचा, बाकी वकिलांवर सोडा. एक, सगळ्या इमेज आणि माहिती एएनएसआय-निस्ट या कुठल्याही कंपनीच्या मशीनला चालणाऱ्या प्रमाणित फॉरमॅटमध्ये कधीही, जादा पैसे न देता काढून मिळतील. कारण मॅचिंगसाठी इमेजवरून जे टेम्प्लेट (ठशाच्या खुणांची सांकेतिक नोंद) बनतं ते त्या कंपनीचं स्वतःचं असतं, दुसऱ्या मशीनला ते कळतंच असं नाही, पण मूळ इमेज हातात असेल तर नवी टेम्प्लेट कधीही बनवता येतात. दोन, चाचणी आपल्या स्लिपांवर. डेमोच्या चकचकीत ठशांवर प्रत्येक कंपनी शंभर टक्के दाखवते. ज्यांची जोडी तुम्हाला आधीच माहीत आहे असे सेट काढा, त्यात झिजलेली बोटं, डाग पडलेल्या जुन्या स्लिपा आणि सुटलेल्या गुन्ह्यांतले अर्धवट चान्स प्रिंट मुद्दाम घाला, आणि खरा माणूस यादीत पहिल्या नंबरला किती वेळा येतो ते मोजा. जी कंपनी "तुमचा डेटाच खराब आहे" म्हणेल तिला सांगा की बाबा तोच तर चालवायचाय.

नवीन सुरू झाल्यावर जुनी सिस्टीम लगेच बंद करू नका. काही महिने दोन्हीकडे तोच शोध चालवा, आणि जुन्याला सापडलं पण नव्याला नाही अशा प्रत्येक केसचं कारण लिहून ठेवा, बहुतेक वेळा इमेजच चढलेली नसते किंवा बोटांचा क्रम चुकलेला असतो. दर महिन्याला ठाण्यानिहाय परत आलेल्या स्लिपांची यादी कारणासकट पाठवा, डाग, क्रम, हात उलटे, काय असेल ते. नुसतं "नाकारले" लिहिलं तर पुढच्या महिन्यात त्याच ठाण्यातून तशाच स्लिपा येतील.