आयडी एडिटरमध्ये वाडीतली पाखाडी कशी काढायची

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा. त्यावर खातं उघडा, आपल्या वाडीवर झूम करा आणि संपादनाचं बटण दाबा. आयडी हा या नकाशाचा एडिटर ब्राउझरमध्येच उघडतो. पाखाडीसाठी, म्हणजे वाडीतल्या पायवाटेसाठी, 2 दाबून रेषा सुरू करा, वळणावळणावर क्लिक करा, शेवटी डबल क्लिक. प्रकार निवडा: जांभ्याच्या पायऱ्या असतील तर पायऱ्या, नाहीतर पायवाट.

खरी गोम टोकाशी असते. रेषा रस्त्याला चिकटलेली दिसते, पण दोघांचा बिंदू एक नसेल तर वाट दाखवणारं ॲप तिथेच अडतं. टोक ओढून रस्त्यावर नेमकं बसवा.

माडा-पोफळीखाली उपग्रहचित्रात काही दिसत नाही. तिथे अंदाजपंचे रेघा नकोत. चालत जाऊन जीपीएसचा माग घ्या, त्या मागाची जीपीएक्स फाइल नकाशावर ओढून टाका.

गूगल मॅप्सवरून नावं उतरवू नका, परवान्यात बसत नाही.