गाडीच्या रंगावरचं डांबर: घासायचं नाही, भिजवायचं

पावसाळ्याआधी कुंभार्ली घाटात डांबरीकरणाचं काम निघालं, की माझ्या पांढऱ्या गाडीची दारं खालून काळी होतात. माहेर कराडला आणि नोकरी चिपळूणला, त्यामुळे मे महिन्यात तो घाट चुकत नाही. पुढच्या चाकांच्या मागे, फुटबोर्डवर, मागच्या बंपरच्या कोपऱ्यांवर मोहरीएवढे ठिपके बसतात. पाण्याने ते हलत नाहीत, आणि नखाने काढायला गेलं तर पसरतात.

पहिल्या वर्षी मी घाई केली. घरात लोखंडी गेट रंगवून उरलेला थिनर होता, तो फडक्यावर घेऊन दार पुसलं. डांबर लगेच निघालं, पण त्याबरोबर चकाकीही गेली. तळहाताएवढा मंद डाग आजही उन्हात दिसतो. म्हणून आधी हे सांगते: रंगाच्या दुकानातला थिनर आणि नखांचं पॉलिश काढायचं ॲसिटोन गाडीजवळ आणू नका. रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो, साधारण कागदाहूनही पातळ. तो एकदा खराब झाला की घरी दुरुस्त होत नाही. पेट्रोलही नको. ते लगेच उडून जातं, डांबर भिजायला वेळच मिळत नाही, आणि आगीची भीती वेगळीच.

आपल्याकडे रस्त्यावर पडतं ते डांबर कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारा गाळ असतो. म्हणून त्याला पाणी नाही, तेलच विरघळवतं. कोकणातल्या माणसाला तेल शोधायला लांब जावं लागत नाही. मी खोबरेल वापरते.

आधी गाडी सावलीत लावून पत्रा गार होऊ द्या. मग भरपूर पाण्याने आणि गाडीच्या शाम्पूने खालचा भाग धुऊन घ्या. ही पायरी मुळीच टाळू नका. डांबराच्या आजूबाजूला घाटातली बारीक वाळू चिकटलेली असते. ती असताना फडकं फिरवलंत, तर डांबर जाईल पण गोल गोल ओरखडे कायमचे राहतील.

पत्रा कोरडा झाला की कापसाचे बोळे खोबरेलात चिंब भिजवून ठिपक्यांवर दाबून बसवा. उभ्या दारावरून तेल नुसतं ओघळून जातं, बोळा मात्र चिकटून राहतो. पडायला लागला तर रंगारी लावतात ती कागदी चिकटपट्टी लावा. पंधरा-वीस मिनिटं त्याला हात लावू नका. हीच खरी कसोटी आहे, कारण दर दोन मिनिटांनी उचलून बघायचा मोह होतो. कापूस तपकिरी झाला म्हणजे डांबर सुटायला लागलं. मग बोळा न घासता, चिमटीत धरल्यासारखा वर उचलून घ्या. उरलेलं मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याने एकाच दिशेने टिपा आणि प्रत्येक वेळी फडक्याची स्वच्छ घडी पुढे करा. काळी झालेली घडी परत रंगावर टेकली, की काढलेलं डांबर तुम्ही दुसरीकडे लावलंत.

थंडीत खोबरेल थिजतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवायची.

जुना, कडक झालेला ठिपका खोबरेलाला दाद देत नाही. त्याला हार्डवेअरच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन किंवा गाडीच्या दुकानातला टार रिमूव्हर. घरी रॉकेल शिल्लक असेल तर तेही चालतं. आधी दाराच्या आतल्या कडेला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही, तिथे थेंबभर लावून बघा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर तिथेच थांबा. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर असं होऊ शकतं. हे द्रव रबराच्या बीडिंगवर आणि काळ्या प्लास्टिकवर जाऊ देऊ नका, रबर फुगतं आणि प्लास्टिकवर पांढुरके डाग पडतात. हातमोजे घाला, आणि जवळ उदबत्तीसुद्धा पेटलेली नको.

ब्लेड, सुरी, भांड्यांची घासणी यातलं काहीही नको, ठिपका कितीही हट्टी असला तरी. त्याला पुन्हा कापूस लावा. माझ्या बंपरवरचा एक ठिपका चौथ्या खेपेला निघाला आणि खाली रंग जसाच्या तसा होता.

शेवटी तो भाग शाम्पूने दोनदा धुवा, नाहीतर तेलकटपणावर धूळ बसते. तेलाबरोबर तिथलं जुनं वॅक्सही, म्हणजे रंगावर चोळलेला मेणाचा थर, निघून जातो, म्हणून कोरडं झाल्यावर वॅक्सचा नवीन हात मारा. वॅक्स असलेल्या दारावरचं डांबर पुढच्या वेळी लवकर सुटतं, हा फरक मला दोन्ही दारांवर स्पष्ट दिसला.

रस्त्याचं काम चालू दिसलं की मी दुसऱ्या गिअरमध्ये हळू जाते आणि पुढच्या ट्रकपासून लांब राहते. तरी शिंतोडे उडतातच. मग त्याच संध्याकाळी खोबरेलाची बाटली घेऊन अंगणात बसते.