ह्यूमन कायनेटिक्स विभागातील पदव्युत्तर विद्यार्थी संघटना: तिच्याकडे काय न्यावे, काय नेऊ नये

कॅनडातील विंडसर, ओटावा किंवा मेमोरियलसारख्या विद्यापीठांत जिला ह्यूमन कायनेटिक्स म्हणतात आणि इतरत्र जिला काइनेसिऑलॉजी म्हणतात, त्या मानवी हालचालींचा अभ्यास करणाऱ्या शाखेत एमएस्सी किंवा पीएचडीसाठी महाराष्ट्रातून येणाऱ्यांमध्ये फिजिओथेरपीचे पदवीधर बरेच असतात. मीही त्यांच्यापैकीच एक आहे आणि ऑन्टारियो प्रांतातील एका विद्यापीठात शिकते. प्रवेश, व्हिसा, मार्गदर्शकाशी करायचा पत्रव्यवहार हे सारे तुम्ही पार पाडले आहे असे मी गृहीत धरते. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट केलेली बरी. संशोधनाच्या या पदवीने येथे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी भारतातील पदवीचे मूल्यांकन आणि परीक्षा हा वेगळा मार्ग आहे. ऑन्टारियोत काइनेसिऑलॉजिस्ट हाही १ एप्रिल २०१३ पासून नोंदणी बंधनकारक असलेला व्यवसाय आहे. एजंट याबद्दल मौन पाळतात, म्हणून हे मी स्पष्टपणे लिहीत आहे.

आता संघटनेविषयी. आपल्या विभागाची रचनाच अशी आहे की माणसे एकमेकांना भेटत नाहीत. बायोमेकॅनिक्सवाले दिवसभर फोर्स प्लेट (पावलांचा जोर मोजणारी पाटी) आणि कॅमेऱ्यांच्या खोलीत असतात, व्यायाम शरीरक्रियाशास्त्रवाले सकाळी लवकर येऊन श्वासातील वायू मोजणाऱ्या गॅस अ‍ॅनालायझरचे कॅलिब्रेशन करतात, तर क्रीडा समाजशास्त्र आणि क्रीडा व्यवस्थापनाचे विद्यार्थी मुलाखतींची टिपणे घेऊन ग्रंथालयात बसलेले असतात. पहिल्या दोघांना मोजमापाची भाषा कळते, तिसऱ्याला ती संशयास्पद वाटते, आणि तरीही सर्वांची पदवी एकाच विभागाची असते. या सगळ्यांना एका टेबलाभोवती आणणारी जागा म्हणजे विभागाची पदव्युत्तर विद्यार्थी संघटना. सप्टेंबरमधील स्वागत कार्यक्रम, वर्षातून एकदा होणारा संशोधन दिवस, परिषदेच्या प्रवासासाठी मिळणारी छोटी मदत आणि विभागाच्या पदव्युत्तर समितीवर विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी, एवढे तिचे साधारण काम असते. हे काम लहान वाटले तरी पहिल्या हिवाळ्यात त्याची किंमत कळते. माझ्या पहिल्या पोस्टर सादरीकरणाची तालीम घेणारी माणसे मला संघटनेतच भेटली. मार्गदर्शकांना त्यासाठी वेळ नव्हता.

ज्या सापळ्यात मी अडकले तो मात्र विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण माझ्यानंतर आलेले दोघेजण त्यातच सापडलेले मी पाहिले. विद्यापीठात तुमच्या बाजूने बोलणाऱ्या संस्था एक नव्हे, तीन असतात. पहिली विभागाची संघटना. दुसरी संपूर्ण विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांची संस्था, जी तुमच्या शुल्कातून वर्गणी घेते आणि बहुतेक ठिकाणी पूरक आरोग्य व दंतविमा चालवते. तिसरी म्हणजे टीए (टीचिंग असिस्टंट) किंवा जीए (ग्रॅज्युएट असिस्टंट), म्हणजे अध्यापनात पगारी मदतनीस म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची युनियन. नावे सारखी असतात, माणसेही पुष्कळदा तीच असतात, त्यामुळे नव्या माणसाला तिन्हींतला फरक दिसत नाही.

माझ्या जीएच्या करारात सत्राला १४० तास होते, म्हणजे आठवड्याला सरासरी १० तास. काम शरीररचनेच्या प्रयोगशाळेचे होते. प्रात्यक्षिकाच्या आधीची मांडणी, नंतरची स्वच्छता आणि अहवालांची तपासणी यांपैकी मांडणी व स्वच्छता कोणी तासांत धरतच नव्हते. सत्र संपण्याच्या बऱ्याच आधी तास संपले आणि अहवालांचा आणखी एक गठ्ठा माझ्या टेबलावर आला. एका ज्येष्ठ सहाध्यायाने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की हे संघटनेकडे दे, ते लोक बघतील. संघटनेने ते मनापासून ऐकले, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतले, प्रतिनिधीने पदव्युत्तर समितीत मांडले, समितीने सहानुभूती व्यक्त केली आणि इतिवृत्तात नोंद झाली. एवढ्यात युनियनच्या सामूहिक करारात तक्रार नोंदवण्यासाठी दिलेली मुदत उलटून गेली होती. त्या जादा तासांचे पैसे मला मिळाले नाहीत.

यात संघटनेतील कोणी कामचुकारपणा केला असे मुळीच नाही. अडचण अधिकाराची आहे. ऑन्टारियोच्या कामगार कायद्यानुसार नोकरीच्या अटींबाबत मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क प्रमाणित युनियनलाच असतो. विभागाची संघटना विनंती करू शकते, दाद मागू शकत नाही. म्हणून कोणतीही अडचण आली की आधी हे पाहा: हे पैसे मला कामाचा मोबदला म्हणून मिळतात की शिष्यवृत्ती म्हणून? ऑफर लेटरमध्ये दोन्ही रकमा वेगळ्या लिहिलेल्या असतात, आणि फेब्रुवारीत कराचे कागद येतात तेव्हा पगारासाठी टी-फोर व शिष्यवृत्तीसाठी टी-फोर-ए असे वेगळे कागद येतात. टीए-जीएच्या कामाचा प्रश्न असेल तर त्याच आठवड्यात युनियनच्या प्रतिनिधीला ईमेल करा. मार्गदर्शकाच्या निधीतून मिळणारी रिसर्च असिस्टंटशिप मात्र पुष्कळ ठिकाणी युनियनच्या कक्षेत येत नाही, विशेषतः ते काम तुमच्याच प्रबंधाचे असेल तर. तेथे मार्गदर्शक, मग पदव्युत्तर कार्यक्रमाचे समन्वयक असा क्रम धरावा. विम्याचा प्रश्न विद्यापीठस्तरीय संस्थेकडे न्यावा. अभ्यासक्रमाचे नियम, सेमिनारची वेळ, बसायच्या जागा, प्रयोगशाळेच्या चाव्या हे विषय विभागाच्या संघटनेचे, आणि ते ती उत्तम हाताळते.

तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि मांडणी-स्वच्छतेची मिनिटेही त्यात लिहा. पुढच्या सत्रात मी सत्राच्या मध्यावरच ती नोंद युनियनमार्फत प्राध्यापकांपुढे ठेवली, तेव्हा तपासणीचे काम शांतपणे कमी करण्यात आले. कोणी रागावले नाही. तक्रार केली तर मार्गदर्शक नाराज होतील, शिफारसपत्र मिळणार नाही, ही आपल्याकडून सोबत आणलेली भीती येथे अनाठायी आहे, असे मी आता खात्रीने सांगू शकते.

संघटनेतील ओळखींचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे प्रयोगासाठी सहभागी मिळणे, आणि येथेही सावध राहावे लागते. त्वचेवरचे केस काढून, स्पिरिटने पुसून ईएमजीचे (स्नायूंतील विद्युत संकेत मोजण्याच्या तंत्राचे) इलेक्ट्रोड लावायचा सराव सहाध्यायांवरच होतो. ट्रेडमिलवर मास्क लावून दम संपेपर्यंत धावायला तयार होणारेही तेच असतात. परंतु मानवी सहभागींवरील संशोधनाचे कॅनडातील राष्ट्रीय धोरण पायलट अभ्यासालाही नीतिमंडळाची पूर्वमंजुरी मागते आणि संमती स्वेच्छेची असावी असे बजावते. उपकरण हाताळायला शिकणे वेगळे आणि विदा (डेटा) गोळा करणे वेगळे. मंजुरीपूर्वी घेतलेली आकडेवारी प्रबंधात वापरण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो कितीही अनुभवी असला तरी ऐकू नका. तसेच तुम्ही ज्यांचे पेपर तपासता त्या पदवीच्या विद्यार्थ्यांना स्वतः जाऊन विचारू नका. ते नकार देऊ शकत नाहीत.

पदाधिकारी व्हावे का, असे मला नेहमी विचारले जाते. व्हावे, पण पहिल्याच सत्रात अध्यक्ष होऊ नये. सीव्हीवर एक ओळ वाढवण्यासाठी पद घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या काळात संघटना झोपते आणि त्यांना स्वतःलाही काही मिळत नाही. माझ्या मते नवख्याने सचिवपद घ्यावे, कारण इतिवृत्त लिहिणाऱ्याला विभाग कसा चालतो ते इतर कोणाहीपेक्षा लवकर समजते. खजिनदारपद मात्र दिसते तितके सोपे नाही. खात्यावर दोन सह्या लागतात, आणि वसंतात जुने पदाधिकारी पदवी घेऊन गावोगावी निघून गेले की सह्या बदलायला कोणी उरत नाही. आमच्याकडे असे झाले तेव्हा प्रवासनिधीचे धनादेश अडकले आणि परिषदेला जाऊन आलेल्यांना खिशातले पैसे सोसावे लागले. वार्षिक सभेत गणसंख्या पूर्ण झाली नाही तर नवी निवडणूकही ग्राह्य धरली जात नाही, म्हणून निदान त्या एका सभेला प्रयोगशाळा तासभर बंद ठेवून जाच.

मार्गदर्शनाबाबत माझे मत थोडे आग्रही आहे. कागदपत्रांच्या बाबतीत पीएचडीच्या चौथ्या वर्षातील विद्यार्थ्यापेक्षा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याला विचारावे, कारण त्याने तेच अर्ज नुकतेच भरलेले असतात. ऑन्टारियो ग्रॅज्युएट स्कॉलरशिप सत्राला ५,००० डॉलरची असते आणि स्टडी परमिटवर असलेल्यांसाठी तिच्या मोजक्याच जागा असतात. त्या मिळालेल्या कोणाचा जुना अर्ज वाचायला मिळाला तर तो कोणत्याही कार्यशाळेपेक्षा अधिक उपयोगी पडतो. अशी माणसे संघटनेतच सापडतात. मागायला संकोच करू नका, बहुतेक जण आनंदाने देतात. ऑगस्टमध्ये विभागाच्या कार्यालयातून संघटनेचा ईमेल पत्ता मिळवा, आणि त्याच दिवशी युनियनच्या संकेतस्थळावरून सामूहिक करार उतरवून घेऊन त्यातील तक्रारीच्या मुदतीचे कलम वाचा.