एका नावानं शाळेचे 15 हजार गेले : पट आणि अनुदानाच्या या चुका टाळा

बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेच्या पटावर 31 मुलं होती. एक नाव कमी झालं आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं, शाळेच्या वर्षभराच्या खर्चाचं संयुक्त शाळा अनुदान 25 हजारांऐवजी 10 हजारांच्या गटात गेलं. केंद्राच्या निकषात 1 ते 30 मुलांच्या शाळेला 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार. खडू, वीजबिल, पाण्याची टाकी, गळकं छप्पर, सगळं त्यातच भागवायचं.

ते नाव होतं तिसरीतल्या एका मुलीचं. दसरा झाला, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले आईबाप टोळीबरोबर ऊसतोडीला फडावर गेले, पोरगीही गेली. सतत गैरहजर म्हणून आम्हीच तिचं नाव काढलं. एप्रिलअखेर ती परत आली, जूनपासून रोज वर्गात बसली, खिचडीही खाल्ली. नाव मात्र पुन्हा चढलं ते दिवाळीच्या तोंडावर. तोवर यू-डायसची, म्हणजे ज्यावरून अनुदान ठरतं त्या शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती 30 मुलांची भरून गेली होती. चूक आमची होती.

स्थलांतर म्हणजे शाळा सोडणं नव्हे. नाव काढण्याची घाई करू नका. मूल जाणारच असेल तर निघायच्या आधी त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून बसता येतं. कार्ड हरवलं, दाखला नसला, तरी प्रवेश अडवता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे. आजी-आजोबा गावात असतील तर हंगामी वसतिगृहाची, म्हणजे तोडणीच्या काळात मागं राहणाऱ्या मुलांच्या सोयीची, मागणी करा. मात्र मुलांची यादी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव दसऱ्याआधी पंचायत समितीत पोचला पाहिजे. टोळ्या निघाल्यावर यादी करायला बसलं की मुलं ट्रॅक्टरवर असतात.

आधारचं लगेच बघा. रजिस्टरवर एक नाव, आधारवर दुसरं, जन्मतारखेत फरक, की मूल पडताळणीत अडकतं आणि संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं पद धोक्यात येतं. जून-जुलैत पालक गावात असतात, तेव्हाच दुरुस्ती उरका. जनरल रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं खाडाखोड मात्र कधीही नको.

आता पैशाचं. बरेच जण अजून विचारतात, “खात्यात तर शून्य दिसतंय, पैसे आलेच कुठं?” आता रक्कम शाळेच्या खात्यात पडत नाही, खर्चाची मर्यादा मिळते. ती हप्त्यांनी येते, पुष्कळदा उशिरा येते, आणि 31 मार्चला न वापरलेली परत जाते. म्हणून काय घ्यायचं याचा विचार पैसे येईपर्यंत लांबवू नका. जुलैच्या बैठकीतच गरजांचा क्रम लावा, ठराव लिहा. किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी ठेवायचे असतात, तेही त्यातच धरा. बिल शाळेच्या नावानंच घ्या. मुख्याध्यापकांच्या नावाचं बिल लेखापरीक्षणात अडकतं.

खर्चाला लागणाऱ्या समिती अध्यक्षांच्या सहीचा घोळ आमच्या भागात फार होतो. समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, अध्यक्षही पालकांतलाच. हा पालक ऊसतोड कामगार असेल तर खर्चाची मर्यादा मिळते तेव्हा तो कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात फडावर असतो. यावर काही जण सुचवतात की अध्यक्ष गावात राहणाराच निवडा. मला हे पटत नाही. ज्यांच्या मुलांसाठी शाळा आहे त्यांनाच खुर्चीवरून उठवायचं? त्यापेक्षा सप्टेंबरमध्येच गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या, अध्यक्षांच्या गैरहजेरीत सही कोणाची चालेल ते लेखी घ्या, आणि बँकेत त्याप्रमाणे नोंद करून घ्या. पत्राची पोच फाइलला लावून ठेवा, मार्चमध्ये बँकेत तीच दाखवावी लागते.