गोदाघाटावरचा ३६० अंशांचा फोटो स्वच्छ यावा म्हणून

नाशिकच्या रामकुंडावर दिवे लागले की ३६० अंशांचा कॅमेरा (दोन भिंगांनी चहूबाजूंचं एकदम टिपणारा) हातात धरून फोटो काढू नका. याचे सेन्सर छोटे असतात. ऑटोवर ठेवला की अंधारात आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) चढतो आणि नारोशंकर मंदिराच्या काळ्या दगडावर नुसते रवे उठतात. बारीक स्टँड घाटाच्या सपाट पायरीवर रोवा, आयएसओ १००, शटर एक-दोन सेकंद, टायमर लावून बाजूला व्हा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मिळत असेल तर तीच घ्या.

मंदिराकडे एक भिंग सरळ वळवा. दोन भिंगांच्या फोटोंची जोड कॅमेऱ्याच्या कडेला येते. तिथे जवळ उभा असलेला माणूस हमखास तुटतो, त्याला मीटरभर तरी लांब ठेवा. आणि हो, भिंगं फुगीर असतात, बोटाचा ठसा लगेच उमटतो. आधी मऊ कापडाने पुसा, दिव्यांभोवतीचा धुरकटपणा बहुतेक वेळा त्यानेच जातो.