स्पर्धा आखताना या चुका टाळा

स्पर्धक जीव ओतून खेळले नाहीत, की आयोजक त्यांच्या वृत्तीला दोष देतात. मात्र नियमावली स्पर्धकाच्या जागी बसून वाचली, तर दोष पुष्कळदा आखणीतच सापडतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हरणाऱ्याला जिंकणाऱ्यापेक्षा सोपी वाट मोकळी ठेवणे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत आधी गटवार साखळी सामने होते आणि कोणत्या गटातील कितवी जोडी पुढे कोणाशी खेळणार, हे अगोदरच ठरलेले होते. चीनची एक जोडी अनपेक्षितपणे आपल्या गटात दुसरी आली. त्यामुळे दुसऱ्या एका गटात खेळणाऱ्या चीनच्याच वांग श्याओली आणि यू यांग आपल्या गटात पहिल्या आल्या असत्या, तर अंतिम फेरीआधीच त्यांची आपल्याच देशाच्या जोडीशी गाठ पडली असती. बाद फेरी निश्चित झालेली असल्याने त्यांनी सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात मारल्या, आणि समोरच्या कोरियन जोडीनेही तेच केले. त्या दिवशीच्या अशा दोन सामन्यांमुळे चार जोड्या अपात्र ठरल्या. त्यांत इंडोनेशियाची ग्रेसिया पोली होती. याच खेळाडूने पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. जिद्द तिच्यात होतीच, म्हणून केवळ शिक्षेने हा प्रश्न सुटला असे मला वाटत नाही. खरी दुरुस्ती नंतर झाली: गटातील दुसऱ्या क्रमांकाच्या जोड्यांचे प्रतिस्पर्धी साखळी संपल्यावर सोडत काढून ठरू लागले.

गटातील शेवटचे सामने वेगवेगळ्या वेळी ठेवणे, ही याच जातीची चूक. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशी संपले होते. त्याच गटातील पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा आपसातला सामना उरला होता, आणि पश्चिम जर्मनीच्या १-० विजयाने आपण दोघेही पुढे जातो, हे ऑस्ट्रियालाही ठाऊक होते. सुरुवातीच्या गोलनंतर खेळ जवळपास थांबला आणि अल्जीरिया बाहेर पडले. पुढील विश्वचषकापासून हे सामने एकाच वेळी होऊ लागले.

बक्षिसांच्या बाबतीत आयोजक एकूण रकमेकडेच पाहतात. अर्थतज्ज्ञ एडवर्ड लेझिअर आणि शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये दाखवले, की मेहनतीला चालना मिळते ती दोन क्रमांकांच्या बक्षिसांमधील फरकातून. मात्र सगळी रक्कम पहिल्यालाच दिली, तर स्पर्धकांची ताकद फार विषम असताना मागे पडलेले लवकर हात टेकतात, आणि एकमेकांचे काम बिघडवता येत असेल तर तो मोहही वाढतो. अशा वेळी वयोगट किंवा श्रेणी वेगळ्या करून प्रत्येक गटात दोन-तीन बक्षिसे ठेवावीत.

नियम जाहीर करण्यापूर्वी शेवटच्या साखळी फेरीचे सर्व संभाव्य निकाल कागदावर मांडून ते एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाला दाखवावेत, आणि यांपैकी कोणत्या स्थितीत तो आपल्या संघाला हरायला सांगेल, हे त्याला स्पष्ट विचारावे.