सात ऑगस्टचे आठ जुलै

मुदत ठेवीच्या पावतीवर मुदत संपण्याची तारीख आकड्यांत असते आणि खाली अक्षरीही लागते. २०१८ साली, पहिल्याच नोकरीत, फोंडा तालुक्यातल्या एका पतसंस्थेसाठी हे काम माझ्याकडे आलं. सीएसव्ही फाइलमधून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमधून, ०७/०८/२०१९ वाचायचं आणि ‘सात ऑगस्ट दोन हजार एकोणीस’ छापायचं.

तपासायला मी आपल्याकडे गोव्यात शाळेपासून पाठ असलेल्या तारखा घेतल्या: १८/०६/१९४६ क्रांतिदिन, १९/१२/१९६१ मुक्तिदिन, १६/०१/१९६७ जनमत कौल, ३०/०५/१९८७ घटक राज्य. चारही अचूक उतरल्या. सीनियर म्हणाले, “चालतंय ना? मग हात लावू नको.” हे वाक्य ऐकलंत की काम हातावेगळं करू नका. पुन्हा तपासा.

त्या चारही तारखांत दिवस बाराच्या वरचा आहे, आणि घात तिथेच झाला. मी वापरलेल्या पांडाजला, म्हणजे पायथन भाषेतल्या तक्ते हाताळणाऱ्या साधनाला, फॉरमॅट सांगितला नाही तर तो अमेरिकी पद्धतीने महिना आधी धरतो. एकोणिसावा महिना नसतोच, म्हणून तेव्हाची आवृत्ती १९/१२ मुकाट्याने दिवस-महिना असं वाचायची. सातवा महिना मात्र असतो. म्हणून ०७/०८ चे झाले आठ जुलै, आणि एररही आला नाही. एकाच रकान्यात काही तारखा सरळ, काही उलट! वर्षात अशा फसव्या तारखा १३२ असतात: दर महिन्याचे पहिले बारा दिवस मिळून १४४, त्यातून ०५/०५ सारख्या बारा वजा. २०२३ मध्ये आलेल्या २.० पासून पांडाज पहिल्या तारखेवरून एकच फॉरमॅट ठरवतो आणि पुढची तारीख त्यात बसली नाही तर एरर देतो. पण फाइलमधल्या सगळ्याच तारखा फसव्या असतील तर आजही फसाल.

जुलैत भर पावसात एक आजी ती पावती घेऊन पैसे न्यायला आल्या. खिडकीवरच्या बाईंनी वरचा आकडा आणि खालची अक्षरं ताडून पाहिली आणि मला फोन केला. “अरे बाबा, हाताने लिहायचो तेव्हा असं कधी झालं नाही.” आजींना महिनाभर थांबावं लागलं. ते मला अजून लागतं.

म्हणून फॉरमॅट स्वतः लिहा. पायथनच्या स्ट्रपटाइममध्ये, म्हणजे मजकुरातून तारीख वाचणाऱ्या फंक्शनमध्ये, दिवसाला छोटा डी, महिन्याला छोटा एम, चार आकडी वर्षाला मोठा वाय. मोठा एम म्हणजे मिनिटं. तो पडला तर महिना निमूट जानेवारी होतो. जावास्क्रिप्टमध्ये महिन्याचा आकडा देणारा गेटमंथ शून्यापासून मोजतो, ऑगस्टला सात देतो.

महिन्यांच्या मराठी नावांसाठी लोकेलच्या, म्हणजे संगणकातल्या भाषेच्या सेटिंगच्या, नादी लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या लॅपटॉपवर चालेल, सर्व्हरवर मराठी बसवलेलं नसेल. बारा नावं हाताने लिहा, पाच मिनिटं लागतात. अंकांचंही तेच. ‘एकवीस’पासून ‘एकतीस’ नियमाने बनेल, पण एकोणतीस, पंचावन्न, नव्याण्णव यांना एक सूत्र नाही, म्हणून एक ते नव्याण्णव पूर्ण यादी ठेवा. वर्षात १९६१ ‘एकोणीसशे एकसष्ट’, पण २०१९ ‘दोन हजार एकोणीस’. इंटरनेटवरून उचललेला इंग्रजीचा कोड इथे उपयोगी पडत नाही.

एवढं वाचून घाबरू नका. हे काम खरंच अवघड नाही, आणि पहिल्या वर्षी चूक झाली म्हणून कुणी तुम्हाला कायमचं नालायक ठरवत नाही. मला तर त्याच बाईंनी पुढे शिकवलं. कपाटातल्या जुन्या हस्तलिखित पावत्या त्यांनी टेबलावर मांडल्या, त्या तारखा वाचत गेल्या आणि मी स्क्रीनवर ताडत गेलो. आता नवीन गिऱ्हाइकाकडे गेलो की आधी हाताने लिहिलेल्या दहा पावत्या मागतो, बाराच्या आतल्या तारखांच्या.